जेवलास का आणि का जेवलास

ऑफिसमधला एक मित्र आहे, चेन्नईचा, पुण्यात येऊन दोन वर्षं झाली आणि गडी खरंच मन लावून मराठी शिकतोय. सुरुवातीला मीच त्याला एक भारी टिप दिली होती, की बाबा मराठीत शब्दांच्या क्रमाचं टेन्शन घेऊ नकोस, ने कुठे आणि ला कुठे तेवढं सांभाळ, बाकी शब्द कुठेही टाक, समोरचा समजून घेतो. त्यालाही ते लगेच पटलं कारण तमिळमध्येही बरंचसं असंच चालतं. तर परवा रविवारी हा घरी आला, आईने दार उघडलं, आणि हा अगदी प्रेमाने, हसत हसत विचारतो, "काकू, तुम्ही का जेवलात?"

आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "अरे, भूक लागली होती म्हणून."

त्याला विचारायचं होतं जेवलात का. तेच तीन शब्द, प्रत्यय सगळे जिथल्या तिथे, फक्त का एक घर पुढे सरकला आणि आपुलकीच्या चौकशीची एकदम झडती झाली. तो कावराबावरा, आई हसून बेजार, आणि माझी टिप पार आडवी. मी आपली "अरे तो का म्हणजे अपवाद आहे" वगैरे सारवासारव केली पण ते डोक्यातून जाईना, कारण हा प्रश्न माझा जुना आहे, इंजिनिअरिंगच्या वेळचा.

तेव्हा आम्हाला टीओसी होता, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, बहुतेक पोरं तो पासिंगपुरता करायची आणि मला का कोण जाणे आवडला होता. प्रोजेक्टला मी ठरवलं की एक फायनाइट ऑटोमॅटन बनवायचा, म्हणजे मोजक्याच स्टेट्स (अवस्था) असलेलं, एकेक शब्द वाचत एका स्टेटमधून दुसरीत जाणारं मशीन, त्याला मराठी वाक्य द्यायचं आणि त्याने सांगायचं, बरोबर की चूक. गाइडनी ऐकून घेतलं आणि म्हणाले नॅचरल लँग्वेज रेग्युलर नसते, म्हणजे असल्या मशीनला पेलणारी नसते, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५६ सालीच सांगून ठेवलंय, दुसरा टॉपिक बघ. मग काय, केली सगळ्यांसारखी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम.

आता चॉम्स्कीचं म्हणणं खोटं नाहीच. वाक्यात वाक्य, त्याच्या पोटात अजून एक वाक्य, असं आत आत जात राहिलं की बोटावर मोजण्याइतक्या स्टेट्स असलेलं मशीन कुठेतरी हिशोब विसरणारच. पण माझं मशीन त्याच्या कितीतरी आधी मेलं होतं, आणि तेही पोटात काहीही नसलेल्या, दुसरीच्या पुस्तकातल्यासारख्या वाक्यावर: आईने राजूला डबा दिला. चार शब्द, ते कसेही लावा, २४ प्रकार, आणि मराठी माणूस चोवीसही ऐकून घेतो. मला वाटलं होतं फार तर पाच स्टेट्स लागतील. लागल्या सोळा. आणि त्यात "काल" हा एक शब्द घातला की बत्तीस.

हे का होतं ते ट्रेकच्या बसवरून सांगतो, कारण मला स्वतःला ते तसंच कळलं. समजा पहाटे पाचला स्वारगेटला बस उभी आहे आणि तुम्ही लीडर. पोरं येतील तशी चढणार, कोण आधी कोण नंतर काही नियम नाही, आणि तुमच्याकडे कागद नाही पेन नाही, दारात उभं राहून फक्त डोक्यात ठेवायचंय की कोण कोण आलं. नुसता आकडा ठेवून भागत नाही, कारण सहा जण आले म्हणजे नेमके कोणते सहा हे माहीत पाहिजे. म्हणजे डोक्यात ठेवायची गोष्ट म्हणजे आलेल्यांचा सेट, आणि दहा पोरं असतील तर असे सेट १०२४. वीस पोरं झाली की १०,४८,५७६. साध्या फायनाइट ऑटोमॅटनची हीच गत आहे, तो डावीकडून उजवीकडे एकदाच जातो, मागे वळून बघत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्दानंतर "आत्तापर्यंत कोण कोण आलं" हे सगळं त्याच्या स्टेटमध्येच मावलं पाहिजे. नॉनडिटरमिनिस्टिक केला, म्हणजे एका वेळी अनेक वाटा धरायची मुभा दिली, तरी सुटका नाही, तिथेही एवढ्याच स्टेट्स लागतात. म्हणजे मशीनला जमत नाही असं नाही, चार-पाच शब्दांचं वाक्य तर तो आरामात ओळखतो, पण ज्या गोष्टीला आपण सगळ्यात सोपी समजतो, की काय बाबा कसंही लाव, तीच त्याला सगळ्यात महाग पडते. उलट पक्का क्रम, एकामागे एक, हा त्याला स्वस्त. आपल्या उलट्या खोपडीचं आहे ते.

आता खरा लीडर काय करतो? तो दारात उभा राहून पाठांतर करत नाही. सगळे चढले की यादी घेऊन आत जातो आणि ओरडतो, अमोल! अमोल शेवटच्या सीटवर असो नाहीतर ड्रायव्हरच्या मागे, तिथून "ओ" येते, एक नाव खोडलं, पुढचं नाव. दहा पोरांना अकरा पायऱ्या, बास. चेक रिपब्लिकमधल्या ब्रनोच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या अलेक्झांडर मेदुना आणि पेत्र झेमेक या दोघांनी २०१२ साली नेमकं असं मशीन मांडलं, त्याचं नाव जंपिंग फायनाइट ऑटोमॅटन. स्टेट्स वगैरे सगळं नेहमीचंच, फरक एकच, एक अक्षर (आपल्यासाठी एक शब्द) वाचलं की ते खोडायचं आणि पुढचं अक्षर वाचायला मशीनचं डोकं उरलेल्या ओळीत कुठेही उडी मारू शकतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागेवरच उठून उभा राहिलो होतो, कारण माझ्या सोळा स्टेट्स एका झटक्यात पाचवर आल्या.

आणि मजा अशी की या उडीमुळे काही गोष्टी फुकटात मिळतात. अ, ब, क ही तीन अक्षरं सारख्याच संख्येने पण वाट्टेल त्या क्रमाने, अशा सगळ्या ओळी घ्या. साध्या फायनाइट ऑटोमॅटनला हे जन्मात जमणार नाही, त्याच्याहून एक पायरी वरच्या, वाक्याच्या पोटात वाक्य झेपणाऱ्या कॉन्टेक्स्ट फ्री ग्रामरलाही जमत नाही, आणि जंपिंगवाला तीन स्टेट्समध्ये करतो, अ शोध, ब शोध, क शोध, परत पहिल्यापासून. पण त्याच मशीनला म्हणा की बाबा फक्त अब ही एकच ओळ घे, बअ नको, तर ते त्याला येत नाही! क्रम म्हणजे काय हेच त्याला कळत नाही, अब घेतली की बअ आपोआप आलीच. म्हणजे हे मशीन दुसऱ्यापेक्षा ताकदवान की कमजोर असं विचारण्यात अर्थ नाही, ते बाजूला उभं आहे. रोहित पारीख यांचं एक प्रमेय आहे, १९६६ साली छापलेलं, त्याचा अर्थ साधारण असा की कॉन्टेक्स्ट फ्री भाषेतला क्रम विसरून फक्त कुठलं अक्षर किती वेळा आलं एवढंच मोजलं, तर ती भाषा कुठल्यातरी रेग्युलर भाषेसारखीच दिसते. क्रम फेकून दिला की चॉम्स्कीने भाषांच्या ताकदीचा जो जिना लावलाय त्याची ती पायरीच उरत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर गाइडना ऐकवलं असतं. (नसतं ऐकवलं, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात होते.)

तर परवा मित्र गेल्यावर मी जुना कोड शोधायला बसलो, तो काही सापडला नाही, नव्यानेच लिहिला, ऐंशी-नव्वद ओळींचा. आणि पहिल्याच खऱ्या वाक्यावर तोंडावर आपटलो. वाक्य होतं: आमच्या शेजारच्या काकूंनी काल राजूला तिळाचे दोन लाडू दिले. नऊ शब्द, ३,६२,८८० प्रकार, आणि जंपिंग ऑटोमॅटन म्हणतो सगळेच बरोबर. "तिळाचे काल काकूंनी दोन आमच्या दिले राजूला शेजारच्या लाडू" हेही बरोबर. अरे! हे बोलणाऱ्याला संक्रांतीला लाडू सोडा, दवाखान्यात नेतील.

म्हणजे उडी शब्द मारतच नाहीत. उडी मारतात गठ्ठे. "आमच्या शेजारच्या काकूंनी" हा एक गठ्ठा, "तिळाचे दोन लाडू" हा दुसरा, आणि गठ्ठ्याच्या आत मराठी मुळीच मोकळी नाही, तिथे एकदम शिस्तीत लाईन लागते, फार तर दोन तिळाचे लाडू एवढी सूट. प्रत्ययाची तर बातच सोडा, ला राजूला सोडून हलला की मेला. गठ्ठे पाडले की नऊचे पाच होतात आणि साडेतीन लाख प्रकारांचे १२०. हे काही मी शोधलेलं नाही, आयआयटी कानपूरमध्ये अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारकांवरून भारतीय भाषांसाठी जी सगळी मांडणी केली, १९९५ चं त्यांचं पुस्तक आहे, त्यात पहिलं काम हेच, जवळ जवळ चिकटून असलेल्या शब्दांचे गट पाडायचे, आणि मग क्रियापद कोणाकोणाची वाट बघतंय ते बघायचं. दिले म्हणजे देणारा हवा, घेणारा हवा, वस्तू हवी. कोण कुठे बसलाय याला महत्त्व नाही, कोणाच्या अंगावर कुठला प्रत्यय आहे त्याला आहे. ट्रेकच्या बसमध्ये चेहरा बघून नाही, टीशर्टच्या रंगावरून ओळखायचं, तसं.

म्हणून मग दोन मजली मशीन केलं. खालच्या मजल्यावर आपला जुना साधा ऑटोमॅटन, डावीकडून उजवीकडे, गठ्ठे बांधणारा. वरच्या मजल्यावर उड्या मारणारा. हे छान चाललं, आणि मग मी आईला कामाला लावलं. आईने राजूला डबा दिला याचे चोवीसच्या चोवीस प्रकार कागदावर लिहिले आणि म्हणलं, चुकीच्या वाक्यांवर फुली मार. ती भाजी निवडत होती, चष्मा लावला, पहिली सात-आठ वाचली आणि म्हणाली यात चूक काहीच नाही, पण ही सगळी एकच आहेत असं तुला कोणी सांगितलं? मग भाजी तशीच ठेवून एकेकाला नाव देत सुटली. "डबा राजूला आईने दिला" म्हणजे बाकी कोणी नाही, आईने, कोणीतरी वाद घालतंय तेव्हाचं. "आईने डबा राजूला दिला" म्हणजे दुसऱ्याला मिळायला हवा होता. "दिला आईने राजूला डबा" म्हणजे शंभरदा विचारून कोणीतरी कंटाळलंय. आणि "राजूला दिला आईने डबा" यावर थांबली, दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं, आणि म्हणाली हे धाकट्याचं आहे. मला नाही दिला, असं पुढे आहे त्याच्या.

क्रियापदाच्या लगेच आधीची जागा म्हणजे मराठीतली स्टेजवरची जागा, ज्याच्यावर लाइट मारायचाय तो तिथे, हे नंतर मी तिचे सगळे शेरे शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा दिसलं. माझं मशीन बिचारं चोवीस वेळा हो म्हणालं होतं. हो की नाही एवढंच विचारणाऱ्या मशीनला हे दिसणारच कसं, त्याच्याकडून हो-नाही ऐवजी काहीतरी लिहून घेतलं पाहिजे, ट्रान्सड्यूसर करायला पाहिजे, ते अजून राहिलंय.

बरं, का कडे परत येतो. "तू जेवलास का" आणि "तू का जेवलास" यात गठ्ठे तेच, उडी मारणाऱ्याला फरक दिसणं शक्यच नाही. आणि असला का एकटाच नाहीये. "राजू पण आला" आणि "पण राजू आला" घ्या. पहिल्यात तोही आला, दुसऱ्यात कोणीतरी येणार नव्हतं किंवा यायला नको होतं आणि तरी. "राजू आला पण" मध्ये तर दोन्ही बसतं, कसं म्हणताय त्यावर. ही सगळी बारकी मंडळी, का, पण, च, तर, ना, यांना स्वतःचा प्रत्यय नाही, त्यांची ओळख म्हणजे ती कोणाच्या शेजारी उभी आहेत तेवढीच.

इथे एक तिसरं मशीन कामाला आलं, बेनेडेक नॉज आणि फ्रीडरिश ओट्टो यांचं, २०११ चं. यात उडी वाट्टेल तशी नाही. प्रत्येक स्टेटमध्ये काही अक्षरं काचेची होतात, आरपार दिसतं, आणि मशीनला जे पहिलं न-काचेचं अक्षर दिसेल तेच वाचायचं आणि खोडायचं. सोपं वाटतं पण का साठी झकास बसतं. पहिल्या स्टेटमध्ये सगळी नामं, सर्वनामं काचेची, फक्त क्रियापद आणि का हे दोन जाड. "तू जेवलास का" मध्ये तू मधून आरपार बघितलं की पहिलं दिसतं जेवलास, त्याच्यामागे का, म्हणजे हो-नाहीचा प्रश्न. "तू का जेवलास" मध्ये पहिलं दिसतं का, म्हणजे कारण द्या. तू कुठेही असू दे, सुरुवातीला, शेवटी, काही फरक नाही, तो काचेचा. मोकळं ते मोकळं राहिलं आणि बांधलेलं ते बांधलेलं.

प्रागची मंडळी अजून वेगळ्या वाटेने गेली. चेक भाषा क्रमाच्या बाबतीत आपल्याइतकीच सैल, म्हणून तिथल्या चार्ल्स युनिव्हर्सिटीत हा विषय नुसता थिअरीचा नाही, घरचा आहे. १९९५ साली यान्चार, म्राझ, प्लातेक आणि फोगेल यांनी रीस्टार्टिंग ऑटोमॅटन मांडला. तो वाक्य वाचत जातो, कुठेतरी एक छोटा तुकडा काढून टाकतो, आणि परत पहिल्यापासून सुरू. काढल्यावर उरलेलं वाक्य बरोबरच राहिलं पाहिजे ही अट. असं करत करत शेवटी हाडं राहतात. माणूससुद्धा वाक्याची चिरफाड अशीच करतो या कल्पनेवर ते उभं आहे. लाडूचं वाक्य त्यात घालून बघा. काल काढा, चालतं. तिळाचे काढा, दोन काढा, चालतं. शेजारच्या काढा, आमच्या काढा. काकूंनी राजूला लाडू दिले. इथपर्यंत छान, पण मराठीत पुढेही काढता येतं! राजूला लाडू दिले, चालतं. काकूंनी दिले, तेही चालतं, काय दिले ते मागच्या वाक्यात असेल. दिले, एवढंच, चक्क चालतं. थांबायचं कुठे? आपण बोलताना अर्धं वाक्य गिळतो आणि समोरच्यावर सोडतो, मशीनला हे गिळलेलं मोजता येत नाही. चेकची अडचण निराळी. तिथे "से" असा एक बारका शब्द असतो जो वाक्यात कायम दुसऱ्या नंबरच्या जागी बसतो, त्याच्या आधीचा गठ्ठा काढला की तो पहिला येतो आणि वाक्य मोडतं, म्हणून नुसतं काढून भागत नाही, एखादा शब्द सरकवावाही लागतो. मार्केता लोपात्कोवा, प्लातेक आणि कुबोन यांनी मग ही सरकवासरकवच मोजायला घेतली, की वाक्य मोडू न देता सोलायचं तर किती वेळा सरकवावं लागतं. शब्दक्रम किती मोकळा याला एक आकडा द्यायची ही आयडिया मला जाम आवडली, कारण नाहीतर आपण सगळे "मराठी काय बाबा, एकदम फ्री" असं हवेत बोलतो आणि मग मित्र आईला विचारतो का जेवलात.

प्रागवरून आठवलं, या सगळ्या भानगडीत एक पुणेकर अगदी मध्यभागी आहे आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. अरविंद जोशी. जन्म १९२९, पुण्यातच, इंजिनिअरिंगही इथेच, मग बंगलोरची आयआयएससी आणि मग पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, तिथे जन्मभर. १९५८-५९ च्या सुमारास भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या प्रोजेक्टमध्ये युनिव्हॅक कॉम्प्युटरवर इंग्रजी वाक्यं सोलणारा जो प्रोग्रॅम झाला त्यात ते होते, आणि तो आतून काय होता तर एकामागे एक लावलेले फायनाइट ट्रान्सड्यूसर्स. म्हणजे जे मला "दुसरा टॉपिक बघ" म्हणून नाकारलं गेलं ते पुण्याच्या माणसाने त्याआधी कित्येक वर्षं केलेलं होतं, अर्थात इंग्रजीवर, जिथे क्रम पक्का म्हणून मशीनला स्वस्त. पुढे १९७५ साली लेव्ही आणि ताकाहाशी यांच्याबरोबर त्यांनी झाडं जोडत जाणारं ग्रामर मांडलं, ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर, कॉन्टेक्स्ट फ्रीपेक्षा जरासंच वर. जरासंच हे मुद्दाम, त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या भाषेला जास्त ताकद लागते पण थोडीशीच, उगाच तोफ आणू नका.

आणि ती अ, ब, क सारख्या संख्येने कुठल्याही क्रमाने वाली भाषा आठवते ना, तिला मिक्स म्हणतात, आणि ती मोकळ्या शब्दक्रमाचं टोक मानली जाते. जोशींनी १९८५ साली अंदाज केला की ही आपल्या ग्रामरमध्ये बसणार नाही. सिद्ध व्हायला २०१२ उजाडलं, कानाझावा आणि साल्वाती यांनी केलं. गंमत बघा, साल्वातीनेच त्याच्या थोडं आधी दाखवलं होतं की जोशींच्या ग्रामरहून एकच पायरी वर गेलं की मिक्स बसते. आणि आपला उड्या मारणारा तीन स्टेटवाला मात्र हे पहिल्याच दिवशी करून मोकळा.

जोशींचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम मात्र वेगळंच आहे. १९८२ साली प्रागलाच झालेल्या कोलिंग या कॉम्प्युटर आणि भाषेवरच्या कॉन्फरन्समध्ये त्यांचा एक पेपर होता, एकाच वाक्यात दोन भाषा मिसळण्यावर, आणि उदाहरणं मराठी-इंग्रजी मिसळीची. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तसली भाषा. त्यांचं म्हणणं, सांगाडा मराठीचा असेल तर इंग्रजी आत येते पण बारकी मंडळी मराठीच राहतात. "टेबलवर" चालतं, "टेबल ऑन" असं कोणी म्हणत नाही. परत तेच, गठ्ठ्याच्या आत कडक आणि बाहेर सैल.

पण म्हणून प्रत्ययांवर फार विसंबू नका हे माझ्या नव्या कोडने लगेच शिकवलं. "साप उंदीर खातो." दोघांना प्रत्यय नाही, दोघेही पुल्लिंगी, क्रियापदाकडे बघून काही कळत नाही. "उंदीर साप खातो" केलं तर ऐकणारा म्हणतो काय सांगतोस! म्हणजे इथे क्रम मोकळा नाहीये, एकदम इंग्रजीसारखा कडक झाला. भूतकाळात टाका, सापाने उंदीर खाल्ला, उंदीर सापाने खाल्ला, परत सैल. एकच भाषा, तोच साप, काळ बदलला आणि उडी मारायची परवानगी मिळाली. प्रत्यय नसतील तेव्हा क्रम ड्युटीवर येतो, बदली कामगारासारखा.

आणि प्रत्यय असून गोंधळ हाही प्रकार आहे. मी राजूला आईला डबा द्यायला सांगितला. दोन ला. राजूला सांगितलं, आईला द्यायचा. आता आईला उचलून पुढे आणा, आईला मी राजूला डबा द्यायला सांगितला. कोणाला सांगितलं? दोन वेळा वाचलं की दोन वेळा वेगळं वाटतं. द्यायला च्या पोटातला गठ्ठा सांगितला च्या अंगणात येऊन बसला. जर्मनमध्ये असंच होतं आणि बेकर, जोशी, रॅम्बो यांनी १९९१ साली दाखवलं की साधं ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर इथे कमी पडतं. माझं मशीन इथे दोन्ही अर्थांना हो म्हणून मोकळं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली असं बोलतच नाहीत, आईला डबा दे असं राजूला सांगितलं म्हणायचं सरळ. बरोबर आहे तिचं. घोळ होणार असेल तिथे माणूस आपणहून मोकळीक सोडून देतो.

सोमवारी ऑफिसात मित्राला हे सगळं सांगितलं, काचेची अक्षरं, गठ्ठे, सगळं, चहा गार होईपर्यंत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, आमच्याकडे जेवलात का ला साप्पिट्टीङ्गळा म्हणतात. तो शेवटचा आ आहे ना, तोच प्रश्न. ज्या शब्दावर शंका असेल त्याला लावायचा, तुम्हीच जेवलात का असं विचारायचं असेल तर तुम्हीला लावायचा, पण चिकटून. सुटा ठेवत नाही आम्ही. तुम्ही का सुटा ठेवला, वर कारण विचारायलाही तोच शब्द, आणि मग म्हणता शब्द कुठेही टाक.

यावर माझ्याकडे काही नव्हतं. घरी येऊन क्रियापदामागचा का खालच्या मजल्यावर टाकला, क्रियापदाच्या गठ्ठ्यात, चिकटवूनच, तमिळसारखा. काचेबिचेची गरजच राहिली नाही, सगळी टेस्ट वाक्यं पास झाली. तेवढ्यात आई आली, स्क्रीनवरचं ते साप-उंदीर, लाडू, डबा सगळं वाचलं आणि म्हणाली, "रात्रीचे साडेबारा वाजलेत, केलंस का पण हे?"

का क्रियापदाच्या मागेच होता.